कपाटातली बुरशी: पाणी येतं कुठून?

वास आधी आला, बुरशी नंतर दिसली. बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं की कुबट, मातकट भपकारा नाकात जायचा. घरात ज्याने त्याने आपापला इलाज केला. सासूबाईंनी डांबरगोळ्या टाकल्या, नवऱ्याने सुगंधी पुड्या टांगल्या, मी दार दिवसभर सताड उघडं ठेवायला लागले. वास थोडे दिवस दबायचा आणि परत डोकं वर काढायचा. शेवटी थंडीचे कपडे काढताना एका काळ्या कोटाच्या खांद्यावर राखाडी-हिरवट गोल ठिपके दिसले. बोट लावलं तर बोटाला भुकटी आली. कपडे बाजूला सारून मोबाइलचा टॉर्च आत मारला. मागच्या प्लायवर, खालच्या कोपऱ्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत, काळ्या ठिपक्यांची नुसती गर्दी होती. गंमत म्हणजे जिथे जाड कोट प्लायला टेकून लटकत होते तिथे ती सर्वांत दाट होती, आणि दोन कपड्यांच्या मध्ये जिथे मोकळी जागा होती तिथे प्लाय जवळजवळ स्वच्छ. हे तेव्हा नुसतं लक्षात ठेवलं. त्याचा अर्थ बराच पुढे लागला.

असं काही दिसलं की पहिला हात फडक्याकडे जातो. पण कोरड्या फडक्याने बुरशी झटकणं म्हणजे ती घरभर वाटणं. बुरशीचे बीजाणू साधारण २ ते १० मायक्रॉनचे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि एकदा उडाले की बराच वेळ हवेत तरंगत राहतात. तसे ते एरवीही हवेत असतातच, प्रत्येक घरात असतात. त्यांना पूर्ण हाकलून देणं कुणालाच जमत नाही. त्यांना खायला हवं असतं लाकूड, कागद, सुती कापड, धूळ, कपड्यांवरचं घामातेल, आणि हे सगळं कपाटात कायमच असतं. म्हणजे आपल्या हातात उरतं एकच, पाणी. पाणी तोडलं की बाकी सगळं असूनही बुरशी वाढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही बुरशीची अमुक पातळी सुरक्षित असा आकडा दिलेला नाही. ओल होऊ देऊ नका, झालीच तर हटवा, एवढाच त्याचा रोख आहे.

रंगावरून घाबरायचं कारण नाही हेही तेव्हा वाचलं. काळी दिसणारी प्रत्येक बुरशी भयंकर आणि पांढरी म्हणजे निरुपद्रवी, असं काही नसतं. क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम या घरात नेहमी आढळणाऱ्या जाती वेगवेगळ्या रंगांत दिसतात आणि नुसत्या नजरेने त्या ओळखता येत नाहीत. नमुना तपासून घेण्यात पैसे घालायचे नाहीत असं मी ठरवलं, कारण नाव काहीही निघालं तरी करायचं तेच होतं. घरात कुणाला दमा असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर मात्र त्या माणसाने या कामाच्या आसपासही फिरकू नये. आमच्याकडे सासूबाईंना धुळीचा त्रास होतो, म्हणून त्यांची रवानगी घराच्या दुसऱ्या टोकाला.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने एक ढोबळ मर्यादा दिली आहे: बुरशीचा पट्टा १० चौरस फुटांपेक्षा, म्हणजे साधारण तीन फूट बाय तीन फुटांपेक्षा लहान असेल तर घरच्या घरी साफ करायला हरकत नाही. आमचा त्याच्या आत बसत होता. एन-९५ मास्क, भोकं नसलेला गॉगल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घेतले. खोलीचा पंखा बंद, खिडकी उघडी, दाराच्या चौकटीवर प्लास्टिक चिकटवलेलं. कपाटातली एकेक वस्तू तिथेच पिशवीत घालून, तोंड बांधून मग बाहेर न्यायची, हा नियम मी केला आणि नवऱ्याने कुरकुरत पाळला.

रिकामं करताना कळलं की कपाटात किती सामान कोंबलेलं होतं. दांड्यावर हात घुसत नव्हता. तळाशी बुटांचे खोके, त्यांच्यावर पांघरुणं, त्यांच्यावर बॅगा. हवेला आत यायला वावच नव्हता. एका चामडी पट्ट्यावर पांढरा थर दिसला आणि मी तो टाकून द्यायच्या ढिगात टाकला, तो नवऱ्याने परत काढला. त्याने केस वाळवायचा ड्रायर त्यावर धरला. थर वितळला आणि चामड्यात जिरून गेला. चामड्यातली चरबी थंडीत वर येते, ती ही. बुरशी असती तर उष्णतेने वितळली नसती. पांढरं ते सगळं बुरशी नव्हे, हा धडा पुढे भिंतीपाशी फार उपयोगी पडला.

सुतारकाकांना बोलावून मागचा प्लाय काढून घेतला. खालच्या कडेला तो फुगून पापुद्रे सुटले होते, बोटाने दाबला तर दबत होता. तो वाचवण्यात अर्थ नव्हता. लाकूड, प्लाय, गिलावा अशा सच्छिद्र वस्तूंत बुरशीचे तंतू आत शिरतात आणि प्लाय फुगला की त्याचे थर पुन्हा कधी बसत नाहीत. बाजूचे पट्टे आणि फळ्या दोन्ही अंगांनी लॅमिनेट लावलेल्या होत्या, त्या शाबूत निघाल्या.

प्लायमागची भिंत उघडी पडली तेव्हा खरी पंचाईत झाली. वरच्या भागात काळे ठिपके, आणि खाली, जमिनीलगत, पांढरा भुरभुरीत थर. सुतारकाकांनी लगेच निदान केलं, "ताई, भिंत पाणी पितेय." मग वॉटरप्रूफिंगचं काम करणारे एक गृहस्थ येऊन गेले. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं, तो पांढरा थर नखाने खरवडला आणि सांगितलं, "लोणा दिसतोय म्हणजे पाणी मुरतंय. बाहेरून अख्खी भिंत करून घ्या, नाहीतर परत होणार." अंदाजपत्रक बघून नवरा बराच वेळ काही बोलला नाही.

त्यांचं म्हणणं तसं अगदीच निराधार नव्हतं. त्या पांढऱ्या थरावर मी पाण्याचा थेंब टाकला तर तो विरघळून गेला. बुरशी पाण्यात विरघळत नाही, क्षार विरघळतात. म्हणजे तो लोणाच होता. पाणी भिंतीतून जाताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं, पृष्ठभागावर येऊन ते पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. थोडक्यात, या भिंतीतून कधीतरी पाणी गेलेलं होतं. पण कधी? आत्ता जातंय की जुनी खूण आहे? लोणा एवढं सांगत नाही. आणि मला खटकत होतं ते हे, की लोणा तळाशी होता, बुरशी त्याच्या वर, कोटांच्या उंचीला. पाणी खालून चढत असेल तर बुरशी तळाशी जास्त हवी होती.

अख्खी भिंत करायच्या आधी एक साधी चाचणी करून बघायची ठरली. पण त्याआधी सफाई, कारण बुरशीच्या भिंतीवर काहीच करता येत नाही.

सफाईत सगळ्यांत महत्त्वाचं काही असेल तर ते क्रमवार ओलं करणं. फवारणीच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, एवढ्यानेच काम झालं. आधी बारीक फवारा लांबून मारायचा, म्हणजे वरची भुकटी ओली होऊन बसते, उडत नाही. मग फडकं एकाच दिशेने फिरवायचं, घडी उलटायची, स्वच्छ बाजू वर आणायची. फडकं घाण झालं की परत बादलीत बुडवायचं नाही, सरळ पिशवीत टाकायचं. जुन्या चादरी फाडून ढीगभर फडकी केली होती ती संपली. लॅमिनेट लगेच स्वच्छ झालं. भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटलेला होता, तो ओला ठेवूनच पत्र्याने खरवडून काढला. गिलावा टणक होता, तो धुऊन घेतला. खरवडलेलं सगळं ओलं असतानाच पिशवीत गेलं.

ब्लीचवरून घरात चर्चासत्र झालं. "ब्लीचने एका दिवसात पांढरं होतं," असं सासूबाईंचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. पण पांढरं होणं आणि बुरशी जाणं यांत फरक आहे. टाइलसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर ब्लीच बरं काम करतं. कच्च्या लाकडावर किंवा गिलाव्यावर मात्र त्यातला क्लोरीन वरच्या वर संपतो आणि पाणी तेवढं आत जातं, म्हणजे तंतूंना प्यायलाच दिल्यासारखं. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी करते. मारून उपयोग नाही, ती पुसून घराबाहेर जायला हवी. पर्यावरण संरक्षण संस्थेचंही म्हणणं हेच की ब्लीचसारखी मारक द्रव्यं सरसकट वापरायची गरज नाही. मग व्हिनेगरचा विषय निघाला. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, मग दोन्ही एकत्र कर ना, जोर येईल."

"अहो आई, दोन्ही एकत्र केलं तर विषारी वायू सुटतो!"

हे मी जरा मोठ्यानेच म्हणाले, पण ते मोठ्यानेच म्हणायला हवं. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू निघतो, आणि अमोनिया असलेलं क्लीनर पडलं की क्लोरामाइन. दोन्हींनी फुफ्फुसं भाजून निघतात, आणि कपाटासारख्या बंदिस्त जागेत तर पळायलाही वेळ मिळत नाही. आम्ही भिंतीवर शेवटी तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड मारलं, दहा-पंधरा मिनिटं राहू दिलं आणि पुसून घेतलं. त्याने डागही थोडे फिके झाले. ते नसतं मारलं तरी चाललं असतं, असं आता वाटतं. साबणाच्या पाण्याने आणि घासण्याने ९० टक्के काम आधीच झालं होतं.

शेवटी खोलीभर हेपा फिल्टर असलेला व्हॅक्यूम फिरवला. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवणारा. साधा व्हॅक्यूम बीजाणू एका बाजूने ओढतो आणि मागून बाहेर सोडतो, त्यापेक्षा तो न लावलेला बरा. सगळं पुसून झाल्यावर मग पंखा सुरू केला. पंखा आधी लावायचा मोह फार होतो, कारण वास असह्य असतो.

भिंत वाळल्यावर चाचणी. ॲल्युमिनियम फॉइलचे हातभर लांबी-रुंदीचे दोन तुकडे भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने पक्क्या बंद केल्या, एक वर, एक खाली, लोणा होता त्या जागी. तत्त्व सोपं आहे. पाणी भिंतीतून येत असेल तर फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूला ओल जमेल. हवेतून येत असेल तर फॉइलच्या पुढच्या अंगावर दव धरेल. पण रिकाम्या, उघड्या कपाटात ही चाचणी करण्यात अर्थ नव्हता, कारण बुरशी रिकाम्या कपाटात झाली नव्हती. म्हणून दांड्यावर धुतलेल्या जाड रजया टांगल्या, भिंतीला टेकतील अशा, आणि दार लावून घेतलं. सोबत एक आर्द्रतामापक आत, एक बाहेर खोलीत.

हे छोटे डिजिटल आर्द्रतामापक सरळ विश्वासाने वापरू नयेत. माझे दोन शेजारी शेजारी ठेवले तर वेगवेगळे आकडे दाखवत होते. त्यांची परीक्षा घ्यायची एक जुनी सोपी पद्धत आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतकं भिजवायचं, विरघळवायचं नाही. हे झाकण आणि मापक एका हवाबंद पिशवीत ठेवून रात्रभर सोडायचं. ओलं मीठ आपल्या भोवतालची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर आणून ठेवतं, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला हा आकडा फारसा हलत नाही. एका मापकाने ७३ दाखवले, दुसऱ्याने ८०. दोन्हींच्या पाठीवर पेनने फरक लिहून टाकला आणि पुढे प्रत्येक आकड्यात तो धरत गेले. मुलांना दाखवायला याहून छान प्रयोग नाही.

थंडीतल्या एका पहाटे दार उघडून रजया बाजूला केल्या. वरच्या फॉइलवर पुढून बारीक धुकट दव होतं, बोटाने रेघ मारता येईल इतकं. टेप सोडून मागे पाहिलं तर भिंत कोरडी. खालच्या फॉइलच्या मागेही कोरडी. आणखी काही दिवस ठेवून पाहिलं, पावसाची एक मोठी सरही येऊन गेली, तरी मागची बाजू कोरडीच. लोणा जुना होता. पाणी भिंतीतून येत नव्हतं, आमच्याच हवेतून येत होतं.

आता कोटांच्या आकाराची ती दाट बुरशी समजली. कपाटाची मागची भिंत घराची बाहेरची भिंत आहे आणि तिच्यावर ऊन पडत नाही. खोलीतली ऊब एरवी थोडीफार तरी भिंतीपर्यंत पोचते, पण मध्ये जाड कपडे आणि बंद दार आलं की ती अडते. कपड्यांमागे भिंत बाहेरच्या थंडीइतकी गार होत जाते, पण हवेतली वाफ मात्र कपड्यांतून, फटींतून आरामात आत जाते. खोलीत २४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, १७ अंशांच्या आसपास येतो. भिंत त्याच्या खाली गेली की पाणी धरणारच. आणि तितकी गार व्हायचीही गरज नाही. भिंत १९ अंशांवर असली तरी तिला लागून असलेल्या हवेची आर्द्रता ८८ टक्क्यांच्या घरात जाते, आणि पृष्ठभागाशी ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकून राहिली तर बुरशीला तेवढं पुरतं. पाण्याचा थेंब डोळ्यांना दिसलाच पाहिजे असं नाही. दुरून तापमान मोजणारं एक यंत्र उसनं आणून बघितलं: उघड्या भिंतीच्या तुलनेत रजयांमागची भिंत स्पष्टपणे गार होती. ज्या कपाटाची पाठ आतल्या भिंतीला आहे तिथे कधीच वास का येत नाही, याचंही उत्तर मिळालं. बाहेरून वॉटरप्रूफिंग करून यातलं काहीच बदललं नसतं.

मग प्रश्न उरला, खोलीच्या हवेत एवढी वाफ येते कुठून. बाथरूमचं दार बेडरूममध्येच उघडतं. गरम पाण्याची आंघोळ झाली की दार उघडून वाफ खोलीत, आणि एक्झॉस्ट फॅन आवाज करतो म्हणून बंद. त्यात धुतलेले कपडे ऊन नसलं की खोलीतल्याच स्टँडवर. यातला कोण मोठा गुन्हेगार ते पाहायला मी मशीनमधून पिळून निघालेले कपडे टोपलीसकट वजनकाट्यावर ठेवले आणि वाळल्यावर परत. फरक जवळपास दोन किलोचा. म्हणजे दोन लिटर पाणी, प्रत्येक धुण्यामागे, दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीच्या हवेत. खोलीतल्या मापकाचा आकडा त्या काळात ७० च्या वर जाऊन बसायचा. खोलीत आम्ही झोपतो त्याचीही भर असतेच, पण श्वास घेणं तर बंद करता येत नाही.

कपाट पुन्हा बांधताना सुतारकाकांशी थोडी ओढाताण झाली. मागचा प्लाय भिंतीला खिळून टाकायची त्यांची सवय. मला भिंत आणि प्लाय यांत दोन इंचांची फट हवी होती आणि ती खाली-वर खोलीकडे उघडी. "फटीत झुरळं होतील हो, ताई," ते म्हणाले. दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावली तेव्हा त्यांचं समाधान झालं. दारांना खाली-वर झडपांसारख्या पट्ट्यांची खिडकी काढली. तळाची फळी सलग होती तिच्या जागी पट्ट्यापट्ट्यांची केली. नवं लाकूड बसवण्याआधी दोन सुयांच्या ओलमापकाने तपासून घेतलं. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल असेल तर नव्या कपाटातही बुरशीला रान मोकळं. भिंतीला बुरशीरोधक म्हणून मिळणारा रंग दिला, कारण रंग द्यायचाच होता. त्यातलं औषध काही काळ काम करतं, पण दव थांबवत नाही. ओल्या भिंतीवर असा रंग मारून बुरशी गेली म्हणणाऱ्यांचं कपाट पुढच्या थंडीनंतर बघायला हवं.

कपड्यांचा हिशेब सगळ्यांत कंटाळवाणा होता. आधी प्रत्येक कपडा बाहेर उघड्यावर नेऊन मास्क लावून ब्रशने झटकायचा, मग धुवायचा. लेबल परवानगी देईल ते ६० अंशांच्या पाण्यात. सुती पांढऱ्यांवरचे काळे ठिपके धुतल्यावरही राहिले. बुरशी गेली तरी तिचा रंग धाग्यात उरतो. ऑक्सिजन ब्लीचमध्ये रात्रभर भिजवल्यावर बरेचसे गेले. रेशीम आणि लोकरीला नेहमीचं क्लोरीन ब्लीच चुकूनही लावायचं नाही, ते धागाच खातं. ते कपडे ड्रायक्लीनला दिले. देताना बुरशीचे आहेत असं आधी सांगितलं. चामड्याचे बूट स्पिरिट आणि पाणी समसमान घेऊन पुसले, आधी टाचेजवळ न दिसणाऱ्या जागी लावून रंग जात नाही ना ते बघून. एका बॅगेच्या आत पुठ्ठा होता, तो भिजून मऊ झालेला. ती गेली. तो काळा कोट परत घालण्यासारखा निघाला, पण उशी आणि एक गादीवजा पांघरूण टाकून द्यावं लागलं. आत शिरलेली बुरशी धुऊन निघत नाही.

वास त्यानंतरही रेंगाळला. बुरशी वाढताना जे वायुरूप पदार्थ सोडते ते कापडात आणि लाकडात मुरून बसतात, हळूहळूच उडतात. डांबरगोळ्या मी पुन्हा ठेवल्या नाहीत. त्या किडीसाठी असतात, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही, आणि त्यांची वाफ आपल्याच नाकात जाते. कपाट काही दिवस रिकामं, उघडं ठेवलं तेव्हा वास गेला.

ओल शोषणाऱ्या डब्यांबद्दल लोक हमखास विचारतात. कॅल्शियम क्लोराइडच्या डब्यात खाली पाणी साचतं, ते बघून मनाला फार बरं वाटतं. पण ज्या कपाटाच्या फटींतून घरभरची हवा आत-बाहेर करतेय त्यात असा डबा ठेवणं म्हणजे वाहत्या नळाखाली फडकं धरणं. साचलेलं ते पाणी खारट आणि चिकट असतं, कलंडलं तर चामडं आणि बिजागऱ्या खराब करतं. सिलिका जेल मी वापरते, पण ते झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, कॅमेरा आणि कागदपत्रांसोबत. दमट हवेत ते आपल्या वजनाच्या ४० टक्क्यांपर्यंत पाणी धरू शकतं आणि ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवलं की पुन्हा कामाला येतं. दमट दिवसांत खोलीत डीह्युमिडिफायर चालतो. तो वीज खातो, आवाज करतो, पण टाकी भरलेली दिसली की हे पाणी एरवी कुठे जात होतं ते कळतं.

आता आर्द्रतामापक कपाटात कायमचा आहे, दांड्याला बांधलेला. ६० च्या खाली असला तर मी बघतही नाही. जाड कपडे आतल्या भिंतीच्या कपाटात गेले, इथे सुटसुटीत कपडे राहिले, आणि मागे चार बोटं जागा सोडायची असं ठरलं आहे. मध्यंतरी एकदा आकडा ६८ दिसला. दार उघडून बघितलं तर पाहुणे येणार म्हणून कुणीतरी चार ब्लँकेटं मागे ठासून ठेवली होती. ती काढल्यावर दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला. ओले कपडे आता बाथरूममध्ये वाळतात, दार बंद आणि एक्झॉस्ट फॅन चालू. त्या पंख्याच्या आवाजाबद्दल नवऱ्याची तक्रार अजून चालू आहे, आणि नवा, कमी आवाजाचा पंखा बसवायचं काम त्याच्याकडेच दिलेलं आहे.